मंदाकिनीकाकू रोज कुठे जाते?

क्षमाला रायपूरला येऊन चौदा महिने झाले होते आणि एवढ्या काळात गोंदियाच्या घरातलं कोणी तिच्याकडे फिरकलं नव्हतं. गाडीनं जेमतेम तीन तास. तरी आईचे गुडघे, बाबांची कोर्टाची तारीख, चुलतभावाची परीक्षा, असं काही ना काही आडवं येतच होतं. म्हणून त्या सोमवारी मंदाकिनीकाकूचा फोन आला, "आम्ही बुधवारी येऊन राहिलो तुह्याकडे, रविवारपर्यंत," तेव्हा क्षमानं आधी कॅलेंडरकडे पाहिलं.

"आम्ही म्हणजे?"

"मी अन् तुहे काका. काहून, नको येऊ?"

"या ना काकू. सहज विचारलं."

फोन ठेवताना तिच्या मनात एकच प्रश्न होता. यायचं तर नेमकं काकूनंच का? तिच्या रायपूरला जाण्याला घरात सगळ्यात जास्त विरोध कोणी केला असेल तर तो याच काकूनं. नव्या रायपुरात एका संस्थेत नकाशे करण्याची नोकरी लागली तेव्हा बाबा खूश होते, आई कुरकुरत का होईना तयार झाली होती. काकूनं मात्र भरल्या ताटावरून हात मागे घेतला होता. "एकटी पोट्टी परक्या गावात राहणार म्हणजे काय? उद्या काही झालं तर तोंड कुठं दाखवायचं?" त्यानंतर चौदा महिन्यांत काकूनं तिला एकही फोन केला नव्हता. आणि आता चार दिवसांचा मुक्काम. पाणी कुठंतरी मुरत होतं.

तिनं आईला फोन लावला. "मले काय माहीत बाई," आई म्हणाली, जरा घाईनंच. "मारोतीभाऊंले फिरावंसं वाटलं असेल."

मारोतीकाकांना फिरावंसं वाटणं! रेल्वेच्या अख्ख्या नोकरीत मिळालेले पास ज्या माणसानं पेटीत ठेवून पिवळे केले, त्याला निवृत्तीनंतर रायपूर बघावंसं वाटलं? क्षमानं मनाशी पक्कं केलं की काकूला आईनं पाठवलंय, पाहणी करायला.

आणि पाहणीत सापडण्यासारखं क्षमाकडे होतं. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसनं विचारलं होतं, नागपूरच्या शाखेत जागा झाली आहे, बदली हवी का? घरी तिनं शब्द दिला होता, 'दोन वर्षं फार तर, मग नागपूर.' तरी तिनं स्वतःच्या हातानं 'नको' लिहून दिलं होतं. त्या पत्राची शिक्का मारलेली प्रत घरात होती. फाडायला मन धजेना. मंगळवारी संध्याकाळी तिनं ती कपड्यांच्या कपाटात, तळच्या खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवली आणि वर स्वेटर रचले.

बुधवारी दोघं आले. काकांनी स्वतःची उशी आणली होती, काकूनं चकल्यांचा डबा. काका आल्या आल्या कूलरसमोरची खुर्ची धरून बसले. काकूनं पदर खोचला आणि घर बघायला सुरुवात केली. न्हाणीघराची कडी दोनदा लावून पाहिली. गच्चीचा दरवाजा कोण बंद करतं ते विचारलं. मग कणीक मळता मळता तिची सरबत्ती सुरू झाली.

"आजारी पडली तर कोण पाहते तुले?"

"पडलीच नाही अजून."

"सणावाराले काय करते? एकटीच जेवते?"

"कधी मैत्रिणीकडे जाते."

"मैत्रीणच ना?" काकूनं विचारलं आणि क्षमाची तव्यावरची पोळी जरा जास्तच भाजली.

"अन् घरमालकीण विचारते का, कुठं गेली, किती वाजता आली?"

"काकू, तुम्ही पोलीस चौकीतून आल्या का?"

काकू हसली नाही. "समजून घेऊन राहिली," एवढंच म्हणाली.

गुरुवारी क्षमा ऑफिसातून परतली तर खालच्या मजल्यावरच्या सरलादीदी, म्हणजे घरमालकीण, फाटकातच भेटल्या. "आपकी चाची तो बड़ी हिम्मतवाली हैं! ग्यारह बजे अकेली ई-रिक्शा में निकलीं, तीन बजे लौटीं। मुझसे पूछ रही थीं, इधर अकेली औरत को लोग कैसे देखते हैं।"

क्षमा हसून मान हलवत जिन्याकडे वळली. घरमालकिणीकडून माहिती काढणं सुरू झालं होतं तर.

वर आल्यावर तिनं सहज स्वरात विचारलं, "काकू, कुठं गेल्या होत्या?"

"सदर बाजारात. जोडवी पाहायले."

"मग?"

"पसंत नाही पडली."

चार तास सदर बाजारात, आणि पिशवी गेली तशीच सपाट परत! गोंदियाच्या बाजारातून काकू कोथिंबिरीची जुडीसुद्धा घासाघीस करून आणल्याशिवाय येत नसे. क्षमानं काकांकडे पाहिलं. ते टीव्हीवर कबड्डी बघत होते, पण त्यांचं लक्ष कबड्डीत नव्हतं.

शुक्रवारी काकू पुन्हा अकरालाच निघाली आणि या वेळी पाचला आली. "बुढेश्वराच्या देवळात बसली होती, बरं वाटलं." सहा तास देवळात? कपडे बदलायला क्षमानं कपाट उघडलं, आणि तळच्या खणाकडे नजर जाताच थबकली. वर्तमानपत्र बदललेलं होतं. जुन्या हिंदी पेपरच्या जागी चकल्यांच्या डब्याला गुंडाळलेला गोंदियाचा मराठी पेपर. तिनं तो उचलला. पत्र खालीच होतं, पण तिनं त्याची घडी तीन पदरी घातली होती आणि आता ती दोन पदरी होती.

म्हणजे वाचलं. आता आईपर्यंत पोचायला कितीसा वेळ? कदाचित पोचलंही असेल. आत्ताच्या आत्ता जाब विचारावा म्हणून ती बाहेर आली, तर गच्चीच्या दाराआड काकू फोनवर दबक्या आवाजात बोलत होती, तेही हिंदीत.

"हाँ जी, घर से कोई ऐतराज नहीं… खाना? खाना सब आता है, वरण-भात से पुरणपोळी तक… स्वभाव का तो आप देख ही लेंगी… जी, कल फोटो लेकर आती हूँ।"

क्षमा भिंतीला टेकली. फोटो. स्वभाव. स्वयंपाक येतो. घरून हरकत नाही. सगळं लख्ख झालं. काकू नुसती पाहणी करायला आलीच नव्हती. ती रायपुरात क्षमासाठी स्थळ बघत होती! पोरगी परत यायचं नाव काढत नाही तर तिचं इथंच कुठंतरी उरकून टाकावं, असा बेत. आणि आईला ठाऊक होतं, म्हणूनच फोनवर ती घाई.

तिनं ओठ मिटून घेतले. आता बोलायचं नाही, रंगेहाथ पकडायचं.

जेवणं झाल्यावर काकू आत भांडी विसळत असताना काकांनी तिला खुणेनं गच्चीत बोलावलं. कठड्यावर हात टेकून, समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतच ते बोलले.

"क्षमा, तुह्या काकूचं इथं कोणी ओळखीचं आहे का?"

"मले कसं माहीत असेल काका?"

"दोन महिन्यांपासून फोन येऊन राहिले. मी खोलीत आलो की ठेवून देते. नंबर इकडचाच आहे, मी पाहिला." त्यांनी घसा खाकरला. "रायपूरले जायचं तिनंच काढलं. एकटी जातो म्हणत होती. मी म्हणलं, मीही येतो."

काकांनाही माहीत नाही? नवऱ्यापासून लपवून पुतणीचं स्थळ बघायचं कारण काय?

"तू जरा लक्ष ठेव," काका म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा उतरलेला होता की क्षमाला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी तिला सुट्टी होती. काकूनं सकाळी केस धुतले, चॉकलेटी रंगाची ठेवणीतली साडी नेसली. "देवळात जाऊन येते," म्हणाली. काकांनी पेपरातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. काकू जिना उतरली तशी क्षमानं तोंडाला ओढणी बांधली, गॉगल चढवला आणि स्कूटी काढली. रायपूरच्या रस्त्यावर अशा तोंड बांधलेल्या शंभर पोरी दिसतात. काकूला ओळखू येण्याची भीती नव्हती.

ई-रिक्षा जयस्तंभ चौकातून बूढापारा या जुन्या वस्तीकडे वळली. तलावाच्या काठानं गेली, देवळाची कमान आली, आणि मागे पडली. क्षमाची खात्री पटली. एका फोटो स्टुडिओसमोर काकू उतरली, दहा मिनिटांनी छोटं पाकीट घेऊन बाहेर आली आणि पायीच गल्लीत शिरली. दोन्ही बाजूंना जुनी घरं, मधून स्कूटर कशीबशी जाईल एवढीच वाट. चौथ्या घराच्या हिरव्या दारातून काकू आत गेली, आपल्याच घरात जावं तशी.

क्षमानं स्कूटी भिंतीला लावली. चेहऱ्यावरची ओढणी सोडली. आत कोण असेल याचं चित्र तिनं रंगवून ठेवलं होतं. सोफ्यावर मुलाचे आईवडील, बशीत काजूकतली, आणि मध्यभागी तिचा फोटो. दार ढकलून ती आत घुसली.

"काकू, माह्या लग्नाचं ठरवायचं होतं तर आधी मले विचारायचं होतं!"

आत सोफा नव्हता. एक लांब टेबल होतं, भिंतीवर जेवणाच्या वेळांचा फळा, दोरीवर वाळत घातलेले पंचे. दोन मुली पोह्यांच्या बशा हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक बाई चष्मा पुसत होत्या, आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत काकू, हातात पेन घेऊन.

"कोणाचं लग्न?" त्या बाईंनी विचारलं.

काकूचा चेहरा पांढराफटक पडला होता. टेबलावरच्या अर्जाला काकूचा फोटो डकवलेला होता. चॉकलेटी साडीतला. क्षमानं अर्ज उलटा वाचला. कामकाजी महिलांचं वसतिगृह, व्यवस्थापिका पदासाठी अर्ज, नाव मंदाकिनी मारोती देशकर, वय त्रेपन्न.

"हीच का तुमची पुतणी?" बाई म्हणाल्या. "मी पद्मिनी. बसा ना. स्थानिक परिचिताच्या रकान्यात तुमचंच नाव लिहून राहिल्या आहेत या. सही लागेल तुमची."

क्षमा बसली नाही. "काकू, बाहेर या."

दारालगत एक लाकडी बाक होता. त्यावर दोघी बसल्या. गल्लीतून एक भाजीवाला ओरडत गेला.

"नोकरी?" क्षमा म्हणाली. "इथं? अन् काका?"

"इथंच राहायची खोली देतात. वरच्या मजल्यावर," काकू म्हणाली. "भजनी मंडळातल्या एका बाईची मोठी बहीण आहे पद्मिनीताई. तिनं सांगितलं, वीस पोरी आहेत, सांभाळणारी पाहिजे. परवा बोलणं झालं, काल दिवसभर काम करून दाखवलं, संध्याकाळी संस्थेच्या हिंदी बोलणाऱ्या सचिवबाईंनी फोनवर विचारपूस केली, आज कागद."

"पण काहून?"

काकूनं साडीच्या निऱ्यांवरून हात फिरवला. "मागच्या पौषात जिन्यावरून पडली, मनगट मोडलं, आठवते? सहा हप्ते मी काही केलं नाही. बाहेरून डब्बा आला. बाई आली भांड्याले. तुह्या काकांनी स्वतःचा चहा स्वतः केला. कोणी उपाशी नाही राहिलं, क्षमा. एकोणतीस वर्षं मले वाटे, मी दोन दिवस नसली तर घर आडवं होईन. घर मस्त उभं होतं." ती थांबली. "पहिले वाईट वाटलं. रडलीसुद्धा. मग एक दिवस पडल्या पडल्या मनात आलं, म्हणजे मी जाऊ शकते."

"मग मले काहून अडवलं होतं? सगळ्यांसमोर?"

"जळली," काकू म्हणाली, सरळ तिच्याकडे बघत. "चोवीस वर्षांची होती तेव्हा मले भंडाऱ्यात शाळेत नोकरी लागली होती. सासऱ्यांनी ती ऑर्डर चहाच्या कपाखाली ठेवली. गोल डाग पडला होता तिच्यावर. अन् तुले सोडायले तुहे बाबा स्टेशनवर निघाले होते, पेढे घेऊन. नाही पाहवलं मले."

क्षमाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गेल्या चार दिवसांचा राग अजून उतरला नव्हता. "अन् माह्यं पत्र? तेही वाचलं ना?"

"खण पुसायले घेतला होता. दिसलं, वाचलं." काकूनं हातातलं पेन बाकावर ठेवलं. "आईले नाही सांगितलं. सांगणारही नाही."

"म्हणजे मी तुमचं सांगू नये म्हणून?"

"तू तसंच समजशीन माहीत होतं. म्हणूनच तुले आधी बोलली नाही. मले तुह्यावर भरवसा नव्हता, तुले माह्यावर नाही. घरच तसं आहे आपलं."

क्षमाच्या डोक्यात गोंदियाची बैठकीची खोली उभी राहिली. बाबा, आई, मोठी आत्या, सगळे एका सुरात म्हणणार, 'क्षमानंच फूस लावली.' वर काकू तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. इतक्या मुश्किलीनं मिळालेला हा एकटेपणा, त्यात रोजचं एक दार उघडायचं. सही करायला हात होईना. आणि काकांचा काल रात्रीचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

"काकांले सांगा आधी," ती म्हणाली. "ते काय काय समजून बसले आहेत तुम्हाले माहीत नाही. त्यांले सांगा, मगच मी सही करीन."

काकूनं मान वळवली. "काय समजून बसले?"

"रोज फोन येतो, तुम्ही ठेवून देता. अजून काय समजतील?"

काकू आधी गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं पदर तोंडावर दाबला. हसते की रडते, ते क्षमाला कळलं नाही. "या वयात? देवा रे!"

दुपारी जेवताना काकूनं सांगितलं. आमटीची वाटी काकांपुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच, एका दमात सगळं बोलून टाकलं. फोन कोणाचे, हिरवं दार कोणाचं, खोली कुठं, कधीपासून. काकांनी घास तसाच हातात धरला होता.

"म्हणजे… दुसरं काही नाही ना?"

"दुसरं काय असणार?"

काकांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, पण ते क्षणभरच. मग त्यांना समजलं की त्यांना नक्की काय सांगितलं गेलं आहे.

"अन् माह्या बीपीच्या गोळ्या?"

"सकाळची पांढरी, संध्याकाळची गुलाबी."

"मले माहीत आहे कोणती कधी!" काका एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "तू आठवण करून देते ते म्हणून राहिलो मी." ताटावरून उठले, हात धुतले आणि खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी टीव्ही लावला नाही, चहा मागितला नाही. काकूनं चहा करून ठेवला, तो तसाच निवला. क्षमाला वाटलं, झालं, उद्या दोघं पहिल्या गाडीनं जातील आणि हे सगळं पुन्हा पेटीत बंद होईल, त्या पासांसारखं.

पण रविवारी सकाळी काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "दाखव मले ती जागा. कोणीही बोर्ड लावते आजकाल."

तिघं बूढापाऱ्यात गेले. काकांनी रेल्वेचा माणूस डबा तपासतो तसं ते घर तपासलं. हिरव्या दाराची कडी ओढून पाहिली, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, आग विझवायची लाल बाटली कुठल्या सालची आहे ते वाचलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तशा पद्मिनीबाई म्हणाल्या, "भाऊ, पुरुषांना इथपर्यंतच. वर नाही जाता येत. नियम आहे."

"मी नवरा आहे तिचा."

"सगळ्यांनाच लागू आहे."

काकांनी पायरीवरचा पाय काढला. मग मागे आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "नियम चांगला आहे." वर काकूच्या पावलांचा आवाज येत होता, खिडक्या उघडल्याचा आवाज येत होता. "मजबूत आहे का बाथरूमची कडी, मंदा?" त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं.

"हो!"

क्षमानं टेबलाशी जाऊन सही केली.

गोंदियात व्हायचा तो तमाशा झालाच. आत्यानं दोन दिवस बोलणं सोडलं. आईनं फोनवर क्षमाला ऐकवलं, "तूच शिकवलं तिले." क्षमा या वेळी चिडली नाही. नागपूरची बदली आपण नाकारल्याचं तिनं त्याच फोनमध्ये सांगून टाकलं. एका दिवसात दोन वादळं झेपणार नाहीत, म्हणून आईनं दुसऱ्याबद्दल बोलायचं पुढे ढकललं. एक तारखेला काकू आली, एका बॅगेनिशी. स्टेशनवर घ्यायला गेलेल्या क्षमाला म्हणाली, "मी रिक्षानं जाते, तुले ऑफिस आहे," आणि खरंच एकटीच गेली. पहिल्या रविवारी क्षमानं तिला जेवायला बोलावलं तर तिला वेळ नव्हता, एका मुलीला ताप होता. भरीत एवढं केलं होतं की दोन दिवस पुरलं.

मग तिसऱ्या शनिवारी दाराची बेल वाजली. दारात मारोतीकाका, काखेत स्वतःची उशी.

"तिथं पुरुषांले राहू देत नाहीत ना," ते म्हणाले आणि चपला काढून आत आले.

रविवारी दहाला ते बूढापाऱ्याला गेले, बारापर्यंत बाकावर बसले, काकूशी काय बोलायचं ते बोलले आणि परत येऊन झोपले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. त्याच्या पंधरा दिवसांनीही. तेव्हा मात्र क्षमानं वसतिगृहात जाऊन काकूला गाठलं. काकू मुलींचे डबे भरत होती.

"काकू, एक विचारू? नोकऱ्या नागपुरातही होत्या. रायपूरच काहून धरलं तुम्ही? काका माह्याकडे उतरतील, हे आधीच ठरवलं होतं ना?"

काकूनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मी कशाले ठरवू?" ती म्हणाली आणि दुसरा डबा पुढे ओढला. "त्यांले भाकर आवडते तुह्या हातची. मले सांगून राहिले होते."

क्षमानं तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते पाहिलं. काही कळलं नाही. परत जाताना पंडरीच्या बाजारात थांबून तिनं एक गादी पाहिली, दोन पाहिल्या, आणि त्यातली जाडसर होती ती घेतली.